रक्त पडण्याआधीचा दाब



अध्यक्षाने विषयाचा सगळा पट उलगडावा अशी प्रथा आहे. मी आज एकाच आग्रहापुरता बोलणार आहे. पोर्टल शिरेतला दाब रुग्णाला रक्ताची उलटी होण्याच्या कितीतरी आधी वाढलेला असतो, आणि आपण तो तेव्हाच शोधायला हवा. आज मात्र बहुतेक रुग्णांचे निदान रक्त पडल्यावर किंवा पोटात पाणी झाल्यावरच होते. बिलिरुबिन आणि एन्झाइम ठीक दिसले की यकृत ठीक, अशी आपली समजूत असते. पण हे आकडे दाबाबद्दल काहीच सांगत नाहीत.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी आणि प्लीहेकडून या एका पोर्टल शिरेतून येते. यकृतात शिरताना आणि बाहेर पडताना असलेल्या दाबांतला फरक निरोगी माणसात 1 ते 5 मिमी पारा असतो. तो 10 वर गेला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगण्याचा आणि जलोदराचा धोका सुरू होतो, 12 च्या पुढे त्या शिरा फुटू शकतात. दाब वाढतो तो यकृतातल्या व्रणांमुळे, हे आपण सारे शिकलो. पण ते अर्धेच खरे आहे. सिरॉसिसमध्ये यकृताच्या आत नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, म्हणून तिथल्या सूक्ष्म वाहिन्या आकसतात. आतड्यांच्या धमन्यांत मात्र तेच द्रव्य जास्त होते, त्या सैलावतात आणि पोर्टल शिरेत आणखी रक्त येऊन पडते. कालवा गाळाने बुजत असताना वरच्या धरणाचे दरवाजे आणखी उघडावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच शरीराने आडवाटा काढल्या तरी दाब उतरत नाही. 1980 च्या सुमारास पॅरिसजवळच्या क्लिशी इथे दिदिये लेब्रेक यांनी प्रोप्रॅनोलॉल वापरून दाखवले ते याच दुसऱ्या बाजूवर काम करते. व्रण तसेच राहतात, येणारे रक्त कमी होते.

दाब आधीच शोधून असे औषध देण्यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याला काहीच त्रास नाही त्याला आयुष्यभराची गोळी का द्यायची? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच गटातल्या टिमोलॉलच्या चाचणीत शिरा फुगणे टळले नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. ही चाचणी मी बाजूला सारत नाही. पण तिच्यात दाबाचा फरक 6 पासून पुढचे सगळे रुग्ण होते. त्यांतल्या अनेकांत आतड्यांकडून येणारा रक्ताचा लोंढा अजून सुरूच झाला नव्हता, मग तो अडवणारे औषध काय करणार? 2019 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी फरक 10 वा अधिक असलेले, पण जलोदर किंवा रक्तस्राव न झालेले रुग्ण निवडले आणि त्यांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दिले. सुमारे तीन वर्षांत यकृताची स्थिती ढासळली किंवा मृत्यू आला असे रुग्ण औषध घेणाऱ्यांत 16 टक्के होते, न घेणाऱ्यांत 27 टक्के. फायदा मुख्यतः जलोदर टळण्यात दिसला. तेव्हा गोळी सरसकट देऊ नये हे मला मान्य आहे, आणि दम्याच्या रुग्णाला तर नाहीच. पण कोणाला द्यायची हे ठरवायला दाबाचा अंदाज हवाच.

दुसरा आक्षेप साधनांचा. यकृताच्या शिरेत कॅथेटर घालून दाब मोजण्याची पद्धत 1951 पासून आहे, पण तालुक्याच्या गावी ती नाही. तिथे तिची गरजही नाही. पोर्टल दाबाच्या तज्ज्ञांच्या बाव्हेनो बैठकीतल्या 2021 च्या सहमतीनुसार इलास्टोग्राफीत यकृताचा ताठरपणा 15 किलोपास्कल वा कमी आणि प्लेटलेट दीड लाख वा अधिक असतील, तर धोकादायक दाब नाही असे धरता येते. दारू किंवा विषाणूमुळे आजारी यकृतात 25 वा अधिक ताठरपणा असेल तर तो आहे असे धरावे. इलास्टोग्राफी नसली तरी प्लेटलेटचा आकडा प्रत्येक सीबीसीच्या कागदावर असतो. पावसाळ्यात तो कमी दिसला की आपल्या मनात डेंग्यू येतो, आणि ते योग्यच आहे. पण ताप जाऊन दोन महिने झाले तरी प्लेटलेट लाखाखाली असतील, तर पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायची आणि दारू, कावीळ ब, मधुमेह, वजन यांची चौकशी करायची, एवढे कोणत्याही दवाखान्यात जमते.

आणि मुले? आपल्या देशात मुलांना रक्ताची मोठी उलटी होते तेव्हा तिच्यामागे बहुधा यकृताबाहेरच पोर्टल शीर बुजलेली असते. यकृत चांगले, सगळे रिपोर्ट चांगले. कॅथेटरने मोजलेला दाबही साधा येतो, कारण अडथळा यकृताच्या अलीकडे आहे. अशा मुलाची प्लीहा मोठी आहे म्हणून त्याला मलेरियाची औषधे पुन्हा पुन्हा दिली जातात, वाढ खुंटली म्हणून टॉनिक दिले जाते. डॉपलर सोनोग्राफीने हे निदान होते. ती केल्याशिवाय केवळ प्लेटलेट कमी म्हणून प्लीहा काढू नका, ही माझी शल्यचिकित्सक सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. प्लीहेबरोबर तिची शीरही जाते, आणि पुढे रक्ताला मूत्रपिंडाच्या शिरेत वाट करून देणारी शस्त्रक्रिया करायची म्हटले तर जोडायला ती शीरच उरत नाही.