शिक्षणाची उचल
(रेडिओवरील भाषण)

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की कोणते महाविद्यालय नामांकित, कोणाच्या मुलाला पुण्यात जागा मिळाली, याची चर्चा आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी रात्र रात्र चालते; परंतु त्या जागेपायी काढावयाचे कर्ज फिटणार कसे, हा प्रश्न निघाला की वडीलधारी मंडळी ‘बँक देते आहे ना!’ एवढे म्हणून विषय मिटवतात. मला बोलावयाचे आहे ते त्यातील एकाच कलमावर: व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाणारे आपले ऊसतोड बांधव या बाबतीत पदवीधरांहून सावध म्हटले पाहिजेत. एका कोयत्याला किती टन तोडावे लागतील, कारखाना लवकर बंद पडला तर किती बाकी अंगावर राहील, हा हिशेब गाव सोडण्यापूर्वीच झालेला असतो. शैक्षणिक कर्ज हीही उचलच. मात्र येथे उसाला कोयता लागेपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि तेवढा काळ वही काही मिटलेली नसते. शिवाय ज्या फडात ऊसच विरळ, त्याच्या भरवशावर मोठी उचल कोणी घेत नाही; मग जेथून मुलांना नोकऱ्या लागत नाहीत, त्या महाविद्यालयासाठी आपण बेधडक सही कशी करतो?

दरवर्षी 1 लाख याप्रमाणे चार वर्षांत 4 लाख रुपये घेतले, दर शेकडा 10 धरला आणि शिक्षण संपल्यावर वर्षाने हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेच 1 लाख 40 हजार चढलेले असतात. हप्ता बसतो तो 5 लाख 40 हजारांवर. दहा वर्षांच्या मुदतीत दरमहा 7 हजारांहून अधिक. पहिल्या पगारातून खोलीभाडे आणि खाणावळ भागवून एवढे उरते काय, हे महाविद्यालयाच्या माहितीपत्रकाला विचारू नका. तेथूनच दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना विचारा.

पुन्हा सांगतो, व्याज पहिल्या दिवसापासून. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक शिक्षणासाठी हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेवर दाखल झाला तर! आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य शासनाने माफ केली आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. ‘व्यवस्थापनाची जागा आहे, आजच घ्या’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या मागे धावलात, की ही सवलत गेलीच म्हणून समजा. बरे, अभियांत्रिकीच हवी असेल तर बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. घरची भाकरी खाऊन तीन वर्षे निघतात आणि उचल तेवढी लहान होते. आपल्या लोकांना या मार्गाचा कमीपणा का वाटतो, कोण जाणे.

वेळ संपल्याची खूण समोरून होत आहे. तारणाविषयी बोलायचे राहिले. साडेसात लाखांपर्यंत बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. पण सहकर्जदार म्हणून पालकांची सही लागतेच, आणि ती सही म्हणजे केवळ साक्ष नव्हे, तर... असो, ते पुढच्या भाषणात.