कामाचा शिरस्ता

नियम नवशिक्यासाठीं, मुरलेल्या माणसाला ते नकोत, अशी समजूत कचेरींत काय आणि कारखान्यांत काय, सर्वत्र रूढ आहे. कामाची रीत लिहून भिंतीवर लावली कीं जुन्या कारकुनास तो आपल्या हुशारीवर घेतलेला संशय वाटतो. अनुभव मात्र याच्या उलट आहे.

अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, राइट फील्ड येथें, ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं बोइंग कंपनीच्या चार एंजिनांच्या नव्या विमानाची लष्करी परीक्षा होती. चालक मेजर प्लॉयर हिल हे मुरलेले वैमानिक. विमान उठलें, वर चढलें आणि पाहतां पाहतां कोसळलें. मेजर हिल व कंपनीचे वैमानिक लेस्ली टॉवर हे दोघेही त्यांत दगावले. यंत्रांत बिघाड नव्हता. विमान उभें असतां वाऱ्यानें शेपटाकडील सुकाणू हलूं नये म्हणून घातलेली खीळ काढावयाची राहून गेली होती. घात केला तो अज्ञानानें नव्हे, विस्मरणानें.

यावर उपाय निघाला तो साधाच. उड्डाणापूर्वीं, उतरण्यापूर्वीं व उतरल्यावर काय पहावयाचें, याची आटोपशीर यादी तयार झाली. पुढें याच जातीचीं १२,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं.

आकाशांत जें खरें ठरलें, तें शस्त्रक्रियागृहांतही ठरलें. ज्यांचें पितृकुल महाराष्ट्रांतील आहे, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखालीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं १९ बाबींची यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं, असे तीन थांबे तींत आहेत. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणत्या अंगावर, हत्यारें व बोळे मोजले कीं नाहीं, असे प्रश्न त्या वेळीं मोठ्यानें विचारावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील इस्पितळांत ही रीत पाळून पाहिली, तेव्हां दर हजारीं सुमारें १५ असलेले मृत्यू ८ वर आले. हे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले.

परंतु कथा येथें संपत नाहीं. कॅनडांतील ऑण्टारिओ प्रांतांत १०१ इस्पितळांनीं अशीच यादी स्वीकारली. बहुतेक सर्व शस्त्रक्रियांत ती पाळल्याचें कळविण्यांत आलें. तरीही २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत मृत्यूंच्या प्रमाणांत लक्षणीय घट दिसली नाहीं. कागदावर खुणा करणें आणि थांबून एकमेकांस विचारणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, असें कित्येक जाणकारांनीं त्यावर सुचविलें.

शिरस्त्याचें मर्म यांतच आहे. तो काम करणाऱ्यांनींच लिहावा. वरून आलेलें फर्मान दप्तरांत पडून राहतें. तो थोडका असावा, चुकल्यास नुकसान होईल एवढ्याच गोष्टी त्यांत असाव्यात. तो ठराविक थांब्यावर वाचला जावा, आणि वाचणारा हुद्द्यानें लहान असला तरी त्यास काम थांबविण्याचा अधिकार असावा. एखादी बाब निरुपयोगी ठरली, तर ती तारीख घालून खोडावी.

ज्या कचेरीस नवा शिरस्ता घालावयाचा असेल, तिनें गेल्या वर्षींच्या चुका समोर मांडाव्यात. त्यांतील किती चुका कोणास ठाऊक नसल्यामुळें झाल्या आणि किती ठाऊक असून राहून गेल्या, हें मोजावें. दुसऱ्या रकान्यांत जें सांपडेल, तेथूनच यादीस आरंभ करावा.