कोआत्लिंचानचा दगड आणि राष्ट्राची मालकी



१६ एप्रिल १९६४ च्या रात्री मेक्सिको शहरात हजारो माणसे एका दगडाच्या स्वागतासाठी रस्त्यावर उभी होती. सुमारे सात मीटर उंचीची आणि १६७ टनांच्या आसपास वजनाची ती अखंड पाषाणमूर्ती मुद्दाम बांधवून घेतलेल्या अवाढव्य गाडीवर आडवी निजवून राजधानीत आणण्यात आली होती. मूर्ती त्लालोक या पर्जन्यदेवतेची मानली जात असे, आणि ती शहरात शिरताच ऐन कोरड्या मोसमात मुसळधार पाऊस कोसळला. ही हकिगत मेक्सिकोत आजही कौतुकाने सांगितली जाते. ज्या गावातून तो दगड उचलला, त्या गावाची हकिगत मात्र त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्या गावाचे नाव सान मिगेल कोआत्लिंचान. मूळ नावाचा अर्थ सर्पांचे घर. मेक्सिको शहराच्या पूर्वेस, तेस्कोको परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. जवळच चापिंगोचे कृषिविद्यालय आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी याच विद्यालयात वर्षानुवर्षे अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले, ते उगाच नव्हे.

गावाबाहेरच्या ओढ्याच्या घळीत ही मूर्ती शतकानुशतके उताणी पडून होती. स्पॅनिश लोक त्या भूमीवर येण्याच्या कित्येक शतके आधी ती घडविली गेली. ती पुरी घडविली गेलीच नाही, असेही अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात तिला चाल्चिउत्लिक्वे ही जलदेवी ठरविण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या पंडिताने तिला त्लालोक ठरविले. वाद अद्याप मिटलेला नाही. गावकऱ्यांना या वादाशी फारसे कर्तव्य नव्हते. मूर्तीवर वाटीसारखे खळगे होते, म्हणून ते तिला वाट्यांचा दगड म्हणत. त्या खळग्यांत पावसाचे पाणी साचे आणि त्या पाण्याला औषधी गुण आहे अशी श्रद्धा होती. लोक तेथे सहलीला जात, मुले दगडावर चढून खेळत. सारांश, तो दगड पुराणवस्तू नव्हता. गावाच्या नित्याच्या जीवनाचा भाग होता.

१९६४ साली राजधानीत राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाची भव्य वास्तू उभी राहत होती. स्थापत्यकार पेद्रो रामिरेझ वास्केझ यांना तिच्या दर्शनी बाजूस एक प्रचंड शिल्प हवे होते. निवड कोआत्लिंचानच्या दगडावर पडली. गावाने विरोध केला. एका रात्री गावकरी घळीत उतरले; दगड तोलून धरणारे पोलादी दोर त्यांनी तोडले, यंत्रे आणि वाहने निकामी केली. मग लष्कर आले. सैनिकांच्या पहाऱ्यात दगड हलला. गावाला शाळा, दवाखाना, रस्ता यांची आणि मूर्तीच्या प्रतिकृतीची आश्वासने मिळाली होती.

येथे विचार करणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. एखाद्या साम्राज्याने दुसऱ्या देशाची शिल्पे लुटून आपल्या राजधानीत मांडली, तर निषेध करणे सोपे असते. येथे लुटारू परकीय नव्हता. येथे एक प्रजासत्ताक होते आणि तेही शेतकऱ्यांच्या क्रांतीतून आकाराला आलेले. १९१७ च्या त्याच्या राज्यघटनेने जमीन आणि पाणी यांची मूळ मालकी राष्ट्राकडे दिली. त्याच आधारावर १९३८ साली परकीय तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुरातन अवशेष राष्ट्राच्या मालकीचे, हे तर १८९७ च्या कायद्यानेच ठरले होते, आणि तो कायदा नसता तर कितीतरी शिल्पे व्यापाऱ्यांच्या हातून देशाबाहेर गेली असती. म्हणजे तत्त्व चुकीचे म्हणता येत नाही. शिवाय मूर्ती संग्रहालयाबाहेर, हमरस्त्याला लागून उभी आहे. तिकिटाला पैसे नसलेला मजूरही ती पाहू शकतो, ही गोष्ट लहान नाही.

परंतु राष्ट्राची मालकी म्हणजे नेमकी कोणाची? तेलकंपनीसमोर राष्ट्र उभे राहते, तेव्हा त्यात कोआत्लिंचानचा शेतकरी धरलेला असतो. त्याच शेतकऱ्यासमोर राष्ट्र उभे राहते, तेव्हा तो त्यातून वगळला जातो आणि राष्ट्र म्हणजे राजधानीतील मंत्रालय, स्थापत्यकार आणि सैनिकांची तुकडी एवढेच उरते. जतनाचे कारणही येथे लंगडे पडते. हजारांहून अधिक वर्षे उघड्यावर राहिलेला दगड राजधानीतही उघड्यावरच आहे. डोंगराच्या हवेऐवजी मोटारींचा धूर, एवढाच फरक.

मोबदल्याचा प्रश्न तर अधिकच बोलका आहे. अर्थशास्त्रात विनिमय म्हणतात तेव्हा दोन गोष्टी गृहीत असतात: दोन्ही पक्षांना नकार देता यावा, आणि प्रत्येकाने स्वतःजवळचे काही द्यावे. नकाराचे काय झाले ते आपण पाहिले. आणि शाळा व दवाखाना हे राज्यसंस्थेचे गावावरील उपकार नव्हते. ते नागरिकांचे येणे होते. थकलेले देणे किंमत म्हणून पुढे करायचे आणि वर एक १६७ टनांचा दगड घेऊन जायचे, याला व्यवहारात दुसरे नाव आहे. रस्ता तर दगड वाहून नेण्यासाठी हवाच होता. या यादीतील निखळ भरपाई म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे प्रतिकृती. आणि ती गावच्या चौकात उभी राहिली २००७ साली, त्रेचाळीस वर्षांनी.

याच तेस्कोको परिसरात, अतेन्को येथे, २००१ साली विमानतळासाठी भूसंपादनाचा हुकूम निघाला. कोरडवाहू जमिनीची किंमत चौरस मीटरमागे सात पेसोंच्या आसपास ठरविण्यात आली होती. शेतकरी कोयते उंचावून रस्त्यावर आले आणि ऑगस्ट २००२ मध्ये सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला. अतेन्कोच्या लढ्याची कारणे जमिनीची आणि पोटाची होती, त्याला दगडाची गोष्ट जबाबदार धरणे अतिशयोक्तीचे होईल. पण राष्ट्रहिताच्या नावाने येणाऱ्या माणसाला किंमत विचारण्याआधी नकार देता येतो, ही जाणीव १९६४ साली कोआत्लिंचानच्या लोकांनी त्या घळीत उतरून दाखविली होती, आणि ते हरले होते, हेही त्याच मुलखातले आहे.

कोआत्लिंचानमध्ये ही आठवण बुजलेली नाही. २०१३ साली या प्रकरणावर एक माहितीपटही निघाला. दगड गेल्यापासून पाऊस कमी झाला, असे गावातील वृद्ध सांगतात. हवामानशास्त्र ते मान्य करणार नाही. परंतु काही तरी गेले आणि त्याची भरपाई झाली नाही, हे सांगण्याची शेतकऱ्याची ती रीत आहे. चौकातील प्रतिकृती राजधानीतल्या मूर्तीप्रमाणे उभी आहे. गावात मूर्ती कधी उभी नव्हती. ती उताणी होती, म्हणून तिच्या वाट्यांत पाणी साचत असे.