कोर्टाला अनुदान, आणि अनुदानाला अट



सरकारी पैसा दिसला की आपण आधी विचारतो, अट काय? अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती कोर्टांनाही तोच प्रश्न विचारू.

असं पहिलं कोर्ट १९८९ साली मायामीत सुरू झालं. कोकेनच्या खटल्यांनी तुरुंग भरले होते. तीच माणसं सुटायची, तीच परत यायची. तेव्हा आरोपीला आत टाकण्याऐवजी उपचाराला धाडायचं ठरलं. न्यायाधीशासमोर वरचेवर हजेरी, लघवीची तपासणी, चुकला तर थोडे दिवस कोठडी. वर्ष-दीड वर्ष टिकला तर खटला रद्द किंवा शिक्षा कमी.

१९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यानं केंद्राच्या अनुदानाची सोय केली. फार तर ७५ टक्के केंद्र देणार, उरलेले स्थानिकांनी घालायचे. आपल्या ठिबकसारखंच म्हणा ना! आणि अट काय, तर हिंसक गुन्हेगार नको. जुन्या मारामारीची शिक्षा नावावर असलेला व्यसनी बाहेरच. ज्याला गरज जास्त, त्याच्या तोंडावर दार बंद.

पण अट म्हणजे वाईटच, असंही नाही. अफूवर्गीय नशेवर मेथाडोनसारखं औषध लागू पडतं. तरी कित्येक न्यायाधीश ते बंद करायला लावत. म्हणे, ही एक नशा सोडून दुसरी. २०१५ मध्ये केंद्रानं बजावलं, औषध नाकाराल तर पैसा नाही.

आता खेड्यातली गत. न्यायाधीश उपचाराचा हुकूम देतो, पण औषध देणारा डॉक्टर जवळपास नसतो. विहीर मंजूर, वीज नाही!