बी विंगमधून ब्रसेल्सला
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषणाचा मजकूर)



स्वतःच्या नातीबद्दल बोलायचं म्हणजे संकोच वाटतो. पण तिच्या कर्जाच्या कागदांवर आपल्या सोसायटीचाही शिक्का आहे, म्हणून बोलतो.

ती वकील झाली आणि एलएल.एम.साठी लंडनला निघाली. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की तारण आलं. तारण म्हणजे आमचा हा फ्लॅट. पस्तीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांची तारणं तपासली, अनेकांना "पुन्हा विचार करा" म्हणून परतही पाठवलं. आता सही माझी. तीन आठवडे फॉर्म कपाटात पडून होता. शेवटी ही म्हणाली, "घर काय वर घेऊन जायचंय?" सही केली. कमिटीने एकाच बैठकीत ना-हरकत दिली, हे मी विसरलेलो नाही.

तिचा विषय स्पर्धा कायदा. मला आधी वाटलं, क्रीडास्पर्धा! आपल्याकडे 1969 चा एमआरटीपी कायदा होता, त्याच्या जागी 2002 चा स्पर्धा कायदा आला. कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवू नयेत, बाजारात दांडगाई करू नये, मोठ्या कंपन्या एकत्र येताना ग्राहक मरू नये, हे बघणारा. मी तिला म्हटलं, "आमच्या वेळी सगळ्या बँकांचे व्याजदर सारखेच असायचे, मग आम्ही सगळे आरोपी का?" ती म्हणाली, "आजोबा, दर रिझर्व्ह बँक ठरवून देत होती. तुम्ही आपसात ठरवले असते तर गोष्ट वेगळी." मोठ्या कर्जांचे दर 1994 मध्ये मोकळे झाले, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. थोडा रुबाब आपलाही.

पुढचं वर्ष वाईट गेलं. लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय फर्मना बत्तीस अर्ज, मुलाखती तीन, नकार दोन. तिकडे निवड झाली तरी रुजू व्हायला बराच काळ थांबावं लागतं. इकडे हप्ते सुरू झाले; ते माझ्या पेन्शनमधून गेले. फोनवर ती रडली नाही, पण गप्प राहायची. ते जास्त कठीण.

प्रशिक्षण दोन वर्षांचं, सहा-सहा महिन्यांचे चार टप्पे. त्यातला एक ब्रसेल्सला, युरोपियन कमिशनच्या दारात. कोर्टात काळा झगा घालून युक्तिवाद वगैरे काही नाही. पहिले कित्येक आठवडे कंपनीच्या लोकांचे जुने ईमेल वाचत बसली. कोणी कोणाला "भाव धरून ठेवू या" असं लिहिलंय का, ते शोधायचं. मग बाजार कुठला हे ठरवायचं. दूधवाल्याने भाव पाच-दहा टक्के वाढवला तर आपण पिशवीच्या दुधाकडे वळू का? वळलो, तर दोघांचा बाजार एक. एवढ्या साध्या प्रश्नावर तिथे शेकडो पानं लिहितात, बरं का.

तिने सांगितलेली एक हकिकत मला फार आवडली. 2006 मध्ये म्युनिकला एऑन एनर्जी या कंपनीवर कमिशनचे अधिकारी तपासणीला गेले. कागदपत्रं एका खोलीत ठेवून रात्री दाराला सील लावलं. सकाळी सील उखडल्याच्या खुणा. कंपनी म्हणाली, सफाईच्या द्रावणामुळे झालं असेल. दंड किती? तीन कोटी ऐंशी लाख युरो, तोही फक्त सीलबद्दल! स्ट्राँगरूमची एक किल्ली अनेक वर्षं माझ्या कमरेला होती, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

सध्या कुठल्या कंपनीचं काम चाललंय, हे मी एकदा विचारलं. "आजोबा, ते नाही सांगता येत." मनातून बरं वाटलं. खातेदाराची शिल्लक मीही कधी घरी सांगितली नव्हती.

आता ती तिथेच कायम झाली आहे, हप्ते तीच भरते. अजून अकरा बाकी आहेत. बारावा महिना उजाडला की बँकेचं पत्र घेऊन मी ऑफिसात येईन. सेक्रेटरी साहेब, आमच्या फ्लॅटवरच्या बोजाची नोंद तेव्हा कमी करून द्यावी.