घामातले मीठ



मिठाशी या किनाऱ्याचे नाते जुने आहे. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आज आम्ही बोलणार ते मात्र मुलाच्या घामातल्या मिठाविषयी. आम्ही वैद्य नव्हे, कामगारांचे संघटक. जे बोलतो ते वाचून शिकलेले आहे.

मूल पोटभर जेवते, पण बाळसे धरत नाही. शौच तेलकट. खोकला महिनोन्महिने हटत नाही. क्षयाचे औषध होते, दम्याचे होते. गुण येत नाही. अशा मुलाचा मुका घेताना ओठाला खारट लागत असेल, तर सावध व्हावे. हा सिस्टिक फायब्रोसिस असू शकतो. हा गोऱ्यांचा रोग, आपल्याकडे नाही, ही समजूत खोटी ठरली आहे. तरी तिच्यापायी पुष्कळ मुले ओळखल्यावाचून राहतात.

१९४८ साली न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा ही मुले मीठ गमावून कोसळली. त्यावरून डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांनी घाम तपासला आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजही मुख्य कसोटी तीच. लिटरभर घामात क्लोराइड ६० मिलिमोल किंवा अधिक भरले, तर निदान बहुधा पक्के.

या रोगात पेशींतून मीठ-पाण्याची ने-आण बिघडते. कफ डिंकासारखा होतो, स्वादुपिंडाच्या वाटा बुजतात.

घरोघर दोष आईच्या माथी मारला जातो. तो अन्याय आहे. बिघाडाचा एक वाटा आईकडून आणि एक बापाकडून, असे दोन्ही आले तरच रोग होतो. आईबाप दोघेही धडधाकट असतात. अशा जोडप्याला दर खेपेस चारांत एक, इतका धोका. जवळच्या नात्यातल्या लग्नांनी तो संभव वाढतो.

उपाय आहेत. छाती थोपटून रोज कफ काढावा, जेवणाबरोबर पाचक द्रव्याच्या गोळ्या द्याव्या, आहार भरपूर आणि स्निग्ध असावा, जंतुसंसर्गावर वेळीच औषध व्हावे. आपल्या वैशाखात तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जादा मीठही द्यावे लागते. २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेल्या नव्या गोळ्या अनेकांना तारतात. पण तिथे त्यांची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांच्या घरात आहे. गरिबाला ते औषध कसे मिळावे, हा प्रश्न वैद्यकाचा नाही, न्यायाचा आहे.

मागितल्यावाचून काही मिळत नाही, हे आम्ही संघटनेत शिकलो. म्हणून आयाबायांनो, खोकला हटत नसेल तर डॉक्टरांसमोर संकोच करू नका. मुलाचा घाम खारट लागतो असे सांगा आणि घामाच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.