श्वास घ्यायला शिकताना

अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत निजलेलं असतं. एकाएकी मॉनिटर वाजू लागतो. सिस्टर आत हात घालून तळपायाला हलकी टिचकी मारतात. बाळ कुरकुरतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. आईच्या पायांतलं त्राण मात्र तोवर गेलेलं असतं.

नवजात बाळाचा श्वास थोडा अडखळतोच. भराभर काही श्वास, मग पाच-दहा सेकंद विसावा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हा विसावा 20 सेकंदांवर गेला, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, अंग निळसर झालं, तर डॉक्टर त्याला ‘अ‍ॅप्निया’ म्हणतात. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला तो होतो.

असं का? प्राणवायू कमी पडला की आपल्याला धाप लागते. हे बाळ मात्र क्षणभर जोरात श्वास घेतं आणि मग मंदावतं. घशाशी दुधाचा थेंब आला, तर श्वासच थांबवतं. आपल्याला हे उलटं वाटतं. पण पोटात हेच शहाणपण होतं. तिथे प्राणवायू वारेतून मिळायचा. तो कमी पडला, तर छाती हलवून शक्ती का खर्चायची? आणि भोवती सगळं पाणीच, मग घशाशी काही आलं तर श्वास रोखलेलाच बरा. बाळ बाहेर आलंय, पण मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र अजून पोटातलेच नियम पाळतंय.

हे केंद्र जागं ठेवायला डॉक्टर कॅफिन देतात. होय, कॉफीतलंच! श्वास मंद करणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला ते अडवतं. 500 ते 1250 ग्रॅम वजनाच्या दोन हजारांवर बाळांचा मोठा अभ्यास 2006 आणि 2007 साली प्रसिद्ध झाला. कॅफिन मिळालेल्या बाळांची फुप्फुसं कमी बिघडली आणि दीड वर्षांनंतरची वाढही सरस दिसली. मात्र हे औषध वजनाच्या हिशेबानं, दवाखान्यातच द्यायचं. घरी कॉफी चाटवू नका.

श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून बाळाला छातीशी धराल तेव्हा त्याची मान मुडपू देऊ नका. नाक-तोंड उघडं राहू द्या.

बहुतेक बाळांचा हा त्रास 36-37 आठवडे भरेपर्यंत ओसरतो. म्हणून वय जन्मतारखेपासून मोजू नका, पोटातले आठवडेही धरा. दिवस भरायचे राहिलेत. ते आता बाहेर भरताहेत, इतकंच.